लाइट गेली की झेड अ‍ॅक्सिस खाली बसतो. मोटर बदलायची का?

भोसरीकर_टूलरूम
मंडळी, भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. एक सेकंडहँड व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) घेतलंय. मशीन झकास आहे, साइज धरतं, पण एक खोड आहे. मेन स्विच बंद केला किंवा चालू जॉबवर लाइट गेली की हेड (स्पिंडल धरून वर-खाली होणारा भाग, म्हणजेच झेड अ‍ॅक्सिस) खाली बसतं. फार नाही, दीड मिलिमीटरच्या आसपास. पण ८ एमएमचा बॉलनोज (गोल टोकाचा कटर) मोल्डच्या कॅविटीच्या तळाशी फिनिशिंग करत असताना दीड मिलिमीटर म्हणजे जॉबही गेला आणि टूलही.
विकणारा म्हणतो, "सगळ्याच मशीनला थोडं असतं." मेंटेनन्सवाला म्हणतो, मोटरचा ब्रेक गेलाय, ब्रेकवाली मोटरच बदला. तिचं कोटेशन बघून मी आधी खुर्ची ओढून बसलो. बदलण्याआधी इथल्या जाणकारांना विचारावं म्हटलं. मशीनला काउंटरवेट (हेड तोलून धरणारं मागचं वजन) नाही.

हजार_आरपीएम
हेड वाकतंय म्हणजे संस्कारी मशीन आहे. खंडेनवमीला हार नीट घातला होता ना?

पॅनेलवाला
मोटर बदलू नका. आधी तीन गोष्टी सांगा.
१. दीड मिलिमीटर खाली आल्यावर तिथेच थांबतं, की रात्रभर हळूहळू सरकत राहतं?
२. नुसता इमर्जन्सी दाबला तर किती पडतं? स्पिंडलखाली डायल (सरकणं मोजणारं गेज) लावून बघा, डोळ्यांनी नको.
३. ब्रेकला २४ व्होल्ट कुठून येतात?

जुना_फिटर
डायल लावायच्या आधी हेडखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. डायलचा प्लंजर आणि ठोकळा यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक असा ठेवा की हेड सुटलं तर ठोकळ्यावर बसेल, डायलवर नाही आणि तुमच्या हातावर तर नाहीच. मी पिंपरीत मेंटेनन्समध्ये आयुष्य काढलं. झेडची मोटर खोलताना हेडला आधार न देणारी माणसं पाहिली आहेत. मोटर काढली की ब्रेकही तिच्याबरोबर निघतो. ब्रेक मोटरच्या आतच असतो, स्क्रूवर नाही. हे ज्याच्या लक्षात राहत नाही त्याची बोटं जातात. एका कारखान्यात माझ्या डोळ्यांदेखत एका पोराची दोन गेली.

कोथरूडचा_राऊटर
थोडा वेगळा प्रश्न, पण याच जातीचा. घरी पार्किंगमध्ये लाकूडकामाचा राऊटर बनवलाय, २.२ किलोवॉटचा वॉटरकूल्ड स्पिंडल आणि नेमा २३ स्टेपर. पॉवर बंद केली की झेड धाडकन खाली. स्टेपरला ब्रेक नाही. काय करू?

हजार_आरपीएम
सोसायटीच्या चेअरमनना खाली उभं करा, ते काहीच खाली येऊ देत नाहीत. पाणीसुद्धा.

मायक्रॉन
राऊटरभाऊ, स्क्रू कुठला आहे? टी८ असेल तर एका फेऱ्यात किती पुढे जातो ते बघा. ८ एमएम लीडवाला स्क्रू वजनाने उलटा फिरतो. २ एमएम लीडवाला साधारणपणे फिरत नाही, स्वतःच लॉक राहतो, फक्त स्पीड कमी मिळतो. बॉलस्क्रू (नटमध्ये गोळ्या फिरणारा स्क्रू) असेल तर प्रश्नच मिटला. त्याची कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या वर असते, म्हणून तो वजनाने आरामात मागे फिरतो. मोठ्या मशीनचं दुखणंही तेच. जुन्या मिलिंग मशीनचा नी (टेबल उचलणारा भाग) वजनाने खाली येत नाही, कारण तिथे साधा आटा असतो.

कोथरूडचा_राऊटर
बॉलस्क्रू १६०५. यूट्यूब बघून हौसेने घेतला.

मायक्रॉन
मग नेमा २३ साठी २४ व्होल्टचा पॉवर-ऑफ ब्रेक मिळतो, मागच्या शाफ्टवर बसतो. त्यासाठी मोटर दोन्ही बाजूंना शाफ्ट असलेली लागते. नाहीतर गॅस स्प्रिंग लावून वजन तोला.

इंजिनिअरिंग_तिसरं_वर्ष
मी गणित करून पाहिलं. पडताना अंतर म्हणजे अर्धा गुणिले ९.८१ गुणिले वेळेचा वर्ग. ब्रेक लागायला १०० मिलिसेकंद लागले तर हेड ४९ मिलिमीटर पडायला हवं! ५० मिलिसेकंदांत १२ मिलिमीटर. सरांचं हेड दीडच पडतंय, म्हणजे ब्रेक फारच झटपट लागतोय. मग चूक कुठे आहे?

मायक्रॉन
गणित बरोबर आहे, पण ते पुलावरून टाकलेल्या दगडाचं. हेडला पडताना स्क्रू आणि मोटरचा रोटर फिरवावा लागतो, ते विसरलास. हेड २०० किलो धर, स्क्रूची पिच १० एमएम, मोटर आणि स्क्रू मिळून जडत्व ०.०१ किलो-मीटर वर्ग. फिरणाऱ्या जडत्वाला सरळ रेषेतल्या वजनात बदललंस तर ते जवळपास ३९०० किलो होतं. (२π भागिले मीटरमधली पिच, त्याचा वर्ग, गुणिले ०.०१. करून बघ.) म्हणजे ओढणारं वजन २०० किलोचं आणि हलवायचं ४१०० किलोला. प्रवेग येतो ०.४७ मीटर प्रति सेकंद वर्ग. १०० मिलिसेकंदांत २.३ मिलिमीटर. घर्षण वजा केलं की भोसरीकरांचा दीड मिलिमीटर येतो की नाही बघ.
म्हणजे त्यांचा ब्रेक झटपट लागत नाहीये. उशिरा लागतोय.

इंजिनिअरिंग_तिसरं_वर्ष
धन्यवाद सर. हे व्हायव्हात विचारलं तर सांगेन.

हजार_आरपीएम
व्हायव्हात हे विचारत नाहीत. फाईल पूर्ण आहे का ते विचारतात.

तळेगाव_डायमेकर
आमच्याकडे सात-आठ व्हीएमसी आहेत. माझा अनुभव असा की बरेच मेंटेनन्सवाले थेट "ब्रेक गेला" म्हणून मोकळे होतात. ब्रेक खरंच घसरत असेल तर हेड एकदा पडून थांबत नाही, सरकत राहतं. आमच्या एका मशीनवर सकाळी आल्यावर हेड रोज थोडं खाली दिसायचं. मोटर खोलली तर आत तेल. वरच्या बाजूने ल्युब्रिकेशनचं तेल केबलच्या कडेने मोटरमध्ये झिरपत होतं आणि ब्रेकची लायनिंग तेलात भिजली होती. तेव्हा मोटर बदलणं बरोबर होतं, पण तेलाची वाट आधी बंद केली म्हणून नवी मोटर टिकली.
भोसरीकरदादा, पॅनेलवाल्यांचा पहिला प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

चाकणचा_काउंटरवेट
या सगळ्या भानगडीवर उपाय एकच, काउंटरवेट असलेलं मशीन घ्या. आमची जुनी मशीन्स, साखळीला मागे बिडाचं वजन लटकवलेलं. लाइट जाऊ दे, काही होऊ दे, हेड जिथल्या तिथे. आता खर्च वाचवायला सगळे काउंटरवेट काढून टाकतात आणि ब्रेकच्या भरवशावर सोडतात.

मायक्रॉन
चाकणकर, खर्च वाचतो हे अर्धं कारण. काउंटरवेट असलं की झेड झपाट्याने वर-खाली करताना ते वजनही हलवावं लागतं, साखळी हेलकावते आणि त्याची लहर फिनिशवर उमटते. मोल्डच्या कामात झेड सतत नाचत असतो, तिथे नको वाटतं. नायट्रोजन सिलिंडर किंवा हायड्रॉलिक बॅलन्स त्यापेक्षा बरा, पण नायट्रोजनचं प्रेशर कमी होत गेलं तरी कुणी बघत नाही. शेवटी मोटरचा लोड वाढला की कळतं.

चाकणचा_काउंटरवेट
आमच्या फिनिशवर लहर नाही. या आणि बघा, चहा पाजतो.

जुना_फिटर
काउंटरवेटची साखळी झिजते तेही बघत चला. ती तुटली की हेड एका बाजूला आणि बीड दुसऱ्या बाजूला, दोन्ही एकदम खाली.

भोसरीकर_टूलरूम
काल डायल लावला, काकांनी सांगितल्याप्रमाणे ठोकळा ठेवून. निकाल:
इमर्जन्सी दाबल्यावर ०.०३. मेन स्विच बंद केल्यावर १.४ ते १.६. रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी डायलचा काटा जागचा हलला नव्हता.
२४ व्होल्टचं पॅनेल उघडून बघितलं. आधीच्या मालकाने कंट्रोलच्या २४ व्होल्ट सप्लायला यूपीएस लावलाय, लाइट गेली तरी स्क्रीन चालू राहावी म्हणून. ब्रेकचा रिलेही त्याच २४ व्होल्टवर आहे.

पॅनेलवाला
चोर सापडला.
नव्या लोकांसाठी: हा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि २४ व्होल्ट दिले की सुटतो. म्हणजे २४ व्होल्ट जातील तेव्हाच तो लागणार. तुमची लाइट गेली की ड्राइव्हची (मोटर चालवणाऱ्या युनिटची) पॉवर जाते, पण यूपीएसमुळे ब्रेकचे २४ व्होल्ट जिवंत. ड्राइव्हचा डीसी बस (आतल्या कपॅसिटरमधलं डीसी व्होल्टेज) खाली येणार, मग तो अंडरव्होल्टेजचा अलार्म देणार, मग लॅडर (कंट्रोलमधला पीएलसी प्रोग्रॅम) ब्रेकचं आउटपुट काढणार, मग रिले पडणार, मग ब्रेक लागणार. तोवर मोटरमधला जोर केव्हाच गेलेला असतो आणि हेड ना मोटरच्या हातात, ना ब्रेकच्या.
इमर्जन्सीला ०.०३ येतंय कारण तिथे क्रम बरोबर आहे. आधी ब्रेकचे २४ व्होल्ट काढायचे आणि ब्रेक पकडेपर्यंत मोटरला जोर चालू ठेवायचा. फॅनुकवर २००५ पॅरामीटरचा ६ नंबरचा बिट आणि २०८३ मध्ये मिलिसेकंदांत वेळ. सीमेन्सवर पी१२१५ ला ब्रेकची पद्धत, पी१२१६ आणि पी१२१७ ला सुटायचा आणि लागायचा वेळ. तुमच्या कंट्रोलला काय भरलंय ते बघा. फक्त बघा, बदलू नका. आणि वहीत लिहून ठेवा.

मायक्रॉन
०.०३ च्या खाली जायचा हट्ट धरू नका हेही सांगतो. ब्रेकची डिस्क हबवर स्प्लाइनने बसलेली असते, तिथे थोडी ढिलाई असतेच. १० एमएम पिचवर एक अंश म्हणजे ०.०२८ मिलिमीटर. ते मोटर बदलूनही जाणार नाही.

धायरी_इलेक्ट्रॉनिक्स
पॅनेलवाल्यांच्या यादीत एक भर. ब्रेकच्या कॉइलला आडवा डायोड लावलाय का बघा. स्पार्क थांबवण्यासाठी लोक सवयीने डायोड टाकतात. रिले सुटला तरी कॉइलमधला करंट डायोडमधून गोल फिरत राहतो, चुंबक लवकर मरत नाही आणि ब्रेक लागायला तेवढा उशीर. त्याऐवजी व्हेरिस्टर टाका, करंट पटकन मरतो. तपकीर गल्लीत किरकोळ किमतीत मिळतो.
दुसरं, रिलेचा कॉन्टॅक्ट डीसी बाजूला हवा. काही पॅनेलमध्ये रेक्टिफायरच्या आधी, एसी बाजूला तोडलेलं असतं. तिथे तोच प्रकार, करंट रेक्टिफायरमधून फिरत बसतो.

हजार_आरपीएम
तपकीर गल्लीत गेलात तर गाडी लांब लावून चालत जा. तिथे झेड अ‍ॅक्सिस सोडाच, एक्स-वाय पण हलत नाहीत.

रात्रपाळी
मी ऑपरेटर आहे. आमच्याकडे सरळ नियम आहे, मशीन बंद करायच्या आधी झेड होमला न्यायचा. मग पडला दीड मिलिमीटर तरी काय बिघडतं?

तळेगाव_डायमेकर
बंद करताना ठीक आहे, दादा. पण लाइट सांगून जात नाही. भोसरीकरांचा बॉलनोज तळाशी असतानाच जाते. आणि एकट्या टूलचं सोडा. रिजिड टॅपिंग (स्पिंडल आणि झेड एकमेकांशी जुळवून आटे पाडणं) चालू असताना लाइट गेली तर टॅप भोकात अडकलेला, स्पिंडल आपल्या गतीने थांबणार आणि हेड आपल्या गतीने खाली येणार. टॅप तुटतो, आणि तुटलेला टॅप काढायला स्पार्क इरोजन मशीनवाल्याच्या पाया पडावं लागतं.

रात्रपाळी
हे खरं. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी असते म्हणून शटडाउन कळतही नाही. बाकीच्या दिवशी फेज गेला की डीजी (जनरेटर) चालू होईपर्यंत सगळे एकमेकांकडे बघत उभे.

भोसरीकर_टूलरूम
कंट्रोलमध्ये तो बिट १ आहे आणि टायमर २०० आहे. डायोडही सापडला, टर्मिनलच्या मागे टेप गुंडाळून बसवलेला. आता विचार असा, मेन लाइनवर एक रिले टाकतो. लाइट गेली की तो पडेल आणि ब्रेकचे २४ व्होल्ट थेट तोडेल. यूपीएस असो नसो. बरोबर?

पॅनेलवाला
दिशा बरोबर. रिले साधा घ्या, २३० व्होल्टच्या कॉइलचा. पॅनेलमध्ये लावतात तो फेज प्रिव्हेंटर नको. त्यातले बरेच मुद्दाम उशिरा पडतात, काही सेकंद घेतात, म्हणजे जरा व्होल्टेज हललं म्हणून मोटर बंद पडू नये. आपल्याला मिलिसेकंद हवेत. आणि एकच फेज गेला तरी कळावं म्हणून तीन रिले तीन वेगवेगळ्या फेजवर, कॉन्टॅक्ट सीरिजमध्ये.

जुना_फिटर
पॅनेलवाल्यांशी इथे मी सहमत नाही. ब्रेकचे २४ व्होल्ट थेट तोडू नका. झेड रॅपिडमध्ये (पूर्ण वेगात) धावत असताना लाइटने डोळा मिचकावला तर ब्रेक धावत्या मोटरवर आदळणार. हा धरून ठेवायचा ब्रेक आहे, थांबवायचा नाही. असं वारंवार झालं की लायनिंग घासून जाते आणि मग खरोखर मोटर बदलायची वेळ येते.
तो कॉन्टॅक्ट इमर्जन्सीच्या साखळीत टाका. लाइट गेली की कंट्रोलला वाटेल कुणीतरी इमर्जन्सी दाबला. अंडरव्होल्टेज अलार्मची वाट न बघता ते लगेच अ‍ॅक्सिस थांबवेल, ब्रेक लावेल आणि डीसी बसच्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या जिवावर तेवढा वेळ मोटर धरून ठेवेल. क्रम कंट्रोललाच सांभाळू द्या, तो त्याच्यासाठीच आहे.

पॅनेलवाला
काका, मान्य, पण बसचा जीव किती वेळ पुरेल ते मशीनवर अवलंबून. स्पिंडल जोरात कटिंग करत असेल तर तोच बस आधी रिकामा करणार. तिथे तुमचा क्रम कोलमडेल.

जुना_फिटर
स्पिंडल इमर्जन्सीला ब्रेक करतो तेव्हा उलट बसमध्येच ऊर्जा परत टाकतो. करून बघू दे त्यांना. जमलं नाही तर तुमचा थेट कॉन्टॅक्ट आहेच.

मायक्रॉन
बस पुरत नसेल तर ड्राइव्ह बनवणारे त्यासाठी कपॅसिटरचं वेगळं बॅकअप मॉड्यूल देतात. महाग आहे, पण मोठ्या मोल्डच्या मशीनवर लावलेलं पाहिलंय. आधी काकांचा उपाय.

चाकणचा_काउंटरवेट
एवढं करण्यापेक्षा काउंटरवेट.

हजार_आरपीएम
चाकणकरांना कुणीतरी इमर्जन्सी दाबा.

स्लँटबेड
मध्येच विचारतो. आमच्या स्लँटबेड लेथचा एक्स अ‍ॅक्सिसपण बंद केल्यावर खाली घसरतो. तोही याच प्रकारात येतो का?

पॅनेलवाला
हो. बेड तिरका म्हणजे टरेटचं (टूल धरणाऱ्या भागाचं) थोडं वजन एक्सच्या दिशेने ओढतंच. तिथेही ब्रेकवाली मोटर असायला हवी. मोटर बदलताना कुणी स्वस्तात बिनब्रेकची बसवली नाही ना, तेवढं नेमप्लेटवर बघा.

स्लँटबेड
बघतो. मागच्याच वर्षी बदललीय.

इंजिनिअरिंग_तिसरं_वर्ष
अजून एक शंका. ड्राइव्हमध्ये डायनॅमिक ब्रेक असतो ना? पॉवर गेल्यावर तो मोटरची वाइंडिंग शॉर्ट करतो. मग वेगळा ब्रेक कशाला?

मायक्रॉन
तो फिरणाऱ्या मोटरलाच अडवतो. मोटर थांबली की त्याचा जोर शून्य. हेड हळू पडेल, पण पडेल. धरून ठेवायला मेकॅनिकल ब्रेकच लागतो. २०० किलोच्या हेडला १० पिचवर नुसतं धरायला ३.१ न्यूटन-मीटर लागतात, ब्रेक त्याच्यापेक्षा बराच जास्त क्षमतेचा हवा.

भोसरीकर_टूलरूम
काम झालं. डायोड काढून व्हेरिस्टर टाकला. ब्रेकला यूपीएसवरून काढून स्वतंत्र एसएमपीएस (२४ व्होल्टचा पॉवर सप्लाय) दिला. तीन रिले तीन फेजवर, कॉन्टॅक्ट काकांच्या सांगण्याप्रमाणे इमर्जन्सीच्या साखळीत. थेट तोडलं नाही.
मेन स्विच बंद केल्यावर आता ०.०४ ते ०.०६. स्पिंडल बंद असताना आणि हवेत ८००० आरपीएमवर फिरत असताना, दोन्हीकडे जवळपास सारखंच. पूर्ण लोडवर कटिंग चालू असताना बघितलेलं नाही, मेणाचा ब्लॉक लावून बघणार आहे. मेंटेनन्सवाल्याला दाखवलं तर म्हणाला, "मी तेच सांगत होतो."

पॅनेलवाला
मेणात लोड येणार नाही, माइल्ड स्टीलचा भंगार तुकडा घ्या. आणि नव्या एसएमपीएसवर दुसरं काही जोडू नका. लाइट गेल्यावर तोही थोडा वेळ कपॅसिटरवर २४ व्होल्ट धरून असतो. आता रिले आधी पडतोय म्हणून चालतंय.

जुना_फिटर
दर सहा महिन्यांनी हाच डायल पुन्हा लावा आणि आकडा पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. ०.०५ चे ०.३ झाले की ब्रेककडे बघायचं. ठोकळा ठेवूनच.

तळेगाव_डायमेकर
आम्ही हे सगळ्या मशीनवर सुरू करतोय. काका, ठोकळा साध्या लाकडाचा की काही खास?

जुना_फिटर
बाभळीचा. तंतू उभे ठेवून. पॅकिंगचं पाइन वुड हेडखाली चेपतं. आणि टेबल आणि स्पिंडल नोजच्या मध्ये ठेवा, टूलखाली नको.

कोथरूडचा_राऊटर
अपडेट. ब्रेक महाग वाटला म्हणून नाना पेठेतून गाडीच्या डिकीचा जुना गॅस शॉक आणून लावला. आता पॉवर बंद केली की झेड धाडकन वर जातो.

मायक्रॉन
त्याच्या नळीवर किती न्यूटन लिहिलंय? स्पिंडल आणि प्लेट मिळून दहा किलो असेल तर १०० न्यूटनच्या आसपास हवा.

कोथरूडचा_राऊटर
४२०.

चाकणचा_काउंटरवेट
३२ किलोचं काउंटरवेट लावा.